‘जीवन’ या शब्दाची मिरासदारी

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत असा एक शब्द आहे, की ज्याची व्याख्या कोणी मागत नाही, ज्याविषयी कोणी वाद घालत नाही, परंतु ज्याच्या भरवशावर गेल्या शतकातील बहुतेक वाद घातले गेले. तो शब्द म्हणजे ‘जीवन’. ‘रूप’, ‘आशय’, ‘लय’, ‘वास्तव’, ‘देशीयता’ या संज्ञांची आपल्याकडे पुष्कळ चिकित्सा झाली; काहींची तर गरजेपेक्षा अधिक झाली. ‘जीवन’ मात्र या चिकित्सेतून कायम सुटत आले. जीवनदर्शन, जीवनदृष्टी, जीवनानुभव, जीवनमूल्ये, जीवनभाष्य, जीवनजाणीव हे सामासिक शब्द आपण इतक्या निर्धास्तपणे वापरतो, की त्यांतील पहिले पद कशाचा निर्देश करते हा प्रश्नच आपल्याला पडत नाही. ग्रामजीवन, स्त्रीजीवन, दलितजीवन, कामगारजीवन अशी पदे प्रबंधांच्या शीर्षकांतून येतात आणि ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील जीवनदर्शन’ हे शीर्षक तर विद्यापीठीय संशोधनाचा छापील साचाच होऊन बसले आहे.

प्रस्तुत लेखाची भूमिका प्रारंभीच स्पष्ट केलेली बरी. समीक्षेतील ‘जीवन’ ही मराठीतून घडलेली संकल्पना नाही. ती इंग्रजीतील ‘लाइफ’ या बहुअर्थी शब्दाची छाया आहे. मूळ शब्दाची सगळी संदिग्धता या छायेने घेतली, पण त्या संदिग्धतेला इंग्रजीत जो बोलीचा आधार आहे तो तिच्यासोबत आला नाही. याचा परिणाम असा झाला, की जीव, जगणे, जिणे, आयुष्य, जन्म, संसार, हयात, जीविका या शब्दांनी मराठी भाषकांनी जे भेद शतकानुशतके सांभाळले होते, ते समीक्षेच्या पातळीवर पुसले गेले. हे नुकसान केवळ शब्दांचे असते तर त्यासाठी लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ते वाचनाचे नुकसान आहे, आणि ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्या माणसांचेही आहे.

२

या प्रश्नाकडे माझे लक्ष ग्रंथांमुळे गेले नाही; ते भिवंडीत मराठीचे अध्यापन करताना गेले. मागांच्या खडखडाटात ज्या शहराचे दिवस आणि रात्री सारख्याच जातात, त्या शहरात मराठी शिकवणाऱ्याला एक लाभ अनायासे मिळतो. त्याच्या वर्गाबाहेर आगरी बोली असते, उर्दू असते, पूर्वेकडून आलेल्या विणकरांची भोजपुरी असते, पद्मशाली कुटुंबांची तेलुगू असते. आणि वर्गातील प्रमाण मराठी या सर्वांच्या शेजारी उभी राहून आपले शब्द तपासून घेऊ शकते. आपण ही संधी सहसा घेत नाही, हा भाग वेगळा.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने पदव्युत्तर स्तरावरील लघुप्रबंधासाठी यंत्रमाग कामगारांची मौखिक कथने हा विषय घेतला. तिची आई कांड्या भरण्याचे काम करीत असे, त्यामुळे विषय तिला परका नव्हता. तिने प्रश्नावली तयार केली आणि तिच्यातील पहिला प्रश्न, आम्ही शिकवल्याप्रमाणे, ‘आपल्या जीवनाविषयी सांगा’ असा घातला. उत्तरे मिळाली ती एकेका शब्दाची. चांगले आहे, ठीक आहे, चालले आहे. याच्या पलीकडे कोणी जाईना. प्रश्न सर्वांना कळला होता, पण तो आपल्यासाठी आहे असे कोणालाच वाटले नव्हते. शाळेतल्या निबंधाला किंवा निवडणुकीतल्या भाषणाला जसे उत्तर द्यावे तसे त्यांनी ते दिले.

मग तिने प्रश्न बदलला. मराठी बोलणाऱ्यांना ती ‘कसे जगता?’ असे विचारू लागली, हिंदुस्थानी बोलणाऱ्यांना ‘गुजारा’ आणि ‘रोजी’ यांविषयी विचारू लागली. त्याबरोबर वह्याच्या वह्या भरल्या. मीटरवर ठरणारी मजुरी, कापडात दोष निघाला म्हणून कापले जाणारे पैसे, बारा-बारा तासांच्या पाळ्या, वीज गेली की थांबणारा माग आणि त्याबरोबर थांबणारी कमाई, ज्याला इथे ‘बिस्सी’ म्हणतात त्या खाणावळीची उधारी, गावाकडे पाठवायची रक्कम, धोट्यातली कांडी संपण्याआधी ती हेरण्याची हातोटी. वयस्क बायकांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार आला, आणि तो ‘जीवन’ नव्हता. तो ‘जलम’ होता.

विद्यार्थिनीने शीर्षक सुचवले ते ‘जगणे’ आणि ‘जिंदगी’ या दोन शब्दांवर उभे होते. संबंधित समितीने ते परत पाठवले. ‘जगणे’ हा शब्द बोलीचा आहे, शास्त्रीय नाही. शीर्षकात ‘जीवनदर्शन’ असावे, अशी सूचना होती. तिने ती मान्य केली, कारण पदवी हवी होती. प्रबंध ‘जीवनदर्शन’ या नावाने बांधला गेला. ज्या शब्दाने माणसे गप्प बसली होती तोच शब्द त्यांच्या बोलण्याच्या मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत उमटला. हा किस्सा मी कोणा एका समितीला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या समितीत मी असतो तर मीही कदाचित हेच सुचवले असते. दोष परिभाषेचा आहे, आणि ती आपण सर्वांनी मिळून घडवली आहे.

३

इंग्रजीतील ‘लाइफ’ हा शब्द किती ओझी वाहतो ते प्रथम पाहू. देहातील चैतन्य म्हणजे लाइफ. जन्मापासून मरणापर्यंतचा काळ म्हणजे लाइफ. त्या काळाचा लिहिलेला वृत्तान्त, जसा बॉस्वेलने जॉन्सनचा लिहिला, तोही लाइफ. रोजचा व्यवहार लाइफ, उत्साह लाइफ, चित्रकारासमोर बसलेला जिवंत नमुना लाइफ, न्यायाधीशाने दिलेली शिक्षा लाइफ, आणि विजेरी किती दिवस टिकते तेही लाइफ. मराठीने या प्रत्येक जागी वेगळा शब्द ठेवला आहे. देहात जीव असतो किंवा प्राण असतो, काळाला आयुष्य किंवा हयात म्हणतात, वृत्तान्ताला चरित्र, उत्साहाला जिवंतपणा, शिक्षेला जन्मठेप. अपघातात जीवितहानी होते, जीवनहानी होत नाही. विम्याचा मराठी अनुवाद करणाऱ्याने ‘आयुर्विमा’ हा शब्द निवडला. हिंदीने तिथे ‘जीवन बीमा’ म्हटले. मराठी अनुवादकाची जाण येथे अधिक नेमकी आहे, कारण विमा उतरवला जातो तो मोजता येण्याजोग्या काळाचा. निवृत्तिवेतनधारक दर वर्षी जो दाखला देतो तो हयातीचा असतो. २०१४ पासून त्याच्या संगणकीय रूपाला मात्र ‘जीवन प्रमाण’ हे नाव मिळाले आहे. मराठी समीक्षेत जे पूर्वीच घडले ते आता कार्यालयांतही घडू लागले आहे, असे म्हणता येईल.

हे केवळ पर्यायी शब्दांचे वैपुल्य नव्हे. या प्रत्येक शब्दाला स्वतःचे व्याकरण आहे, आणि त्या व्याकरणात एक विचार आहे. जीव लावला जातो, ओतला जातो, टाकला जातो, भांड्यात पडतो, मुठीत धरला जातो. तो जणू देहापासून सुटा करता येण्याजोगा, दुसऱ्याकडे नेता येण्याजोगा आहे. आयुष्य मिळते, सरते, कमी-जास्त होते. ते मोजले जाते, आणि देणारा दुसराच कोणी असतो. जन्म घेतला जातो, लाभतो, सार्थकी लागतो किंवा फुकट जातो. त्यात मागच्या-पुढच्या जन्मांचा हिशेब गृहीत आहे, आणि ज्याने तो हिशेब नाकारला त्याच्या तोंडी हाच शब्द वेगळी धार घेतो. संसार मांडला जातो, रेटला जातो, मोडतो. तो एकट्याचा नसतो. जगणे मात्र क्रियापदाचे नाम आहे, ते करावे लागते. त्यात श्रम आहेत. म्हणूनच ‘जगणे अवघड झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात भाकरीचा भाव अध्याहृत असतो.

समीक्षेतील ‘जीवन’ या शब्दाला असे कोणतेही व्याकरण नाही. ते लावता येत नाही, मांडता येत नाही, सरत नाही. त्याचे केवळ ‘दर्शन’ घडते, त्यावर ‘भाष्य’ होते, त्याकडे ‘दृष्टी’ टाकली जाते. म्हणजे ते सदैव समोर, दुरून पाहण्याच्या जागी असते. ‘जीवन जगणे’ हा आता रूढ झालेला प्रयोगही मला याच वळणाचा वाटतो: जगण्याला एक सकर्मक थाट देण्यासाठी इंग्रजीच्या नमुन्यावर जोडलेले कर्म. पाहणारा एकीकडे आणि पाहिले जाणारे दुसरीकडे, ही विभागणी या शब्दातच मुरलेली आहे. जो जगतो त्याचा हा शब्द नाही. जो जगणाऱ्याकडे पाहतो त्याचा आहे.

४

येथे संस्कृतज्ञ वाचक आक्षेप घेईल: ‘जीवन’ हा शब्द तर जुना आहे, तो इंग्रजीचा कसा? शब्द जुना आहे हे खरेच; अर्थ जुना नाही. अमरकोशात ‘जीवन’ येते ते पाण्याच्या नावांत, आणि पुन्हा येते ते जीविका, वृत्ती यांच्या पंक्तीत, म्हणजे उपजीविकेच्या अर्थाने. आयुष्याच्या अर्थासाठी कोशकाराने आयुस् आणि जीवितकाल ही पदे योजिली आहेत. जे जगवते ते जीवन, मग ते पाणी असो वा पोटाचे साधन. जुन्या मराठी काव्यातही हा शब्द पाण्याच्या आणि जगवणाऱ्या तत्त्वाच्या अर्थाने भेटतो. राज्याच्या पाणीपुरवठा मंडळाचे १९९७ मध्ये ‘महाराष्ट्र जीवन प्राधिकरण’ असे नामकरण झाले, तेव्हा नाव देणाऱ्याने, जाणून असो वा नसो, शब्दाच्या मूळ अर्थाशी इमान राखले. नळाला पाणी येण्याची वाट पाहत भांड्यांची रांग लावणाऱ्या बाईला ‘जीवन’ या शब्दाचा अमरकोशातील अर्थ समजावून सांगावा लागत नाही; समीक्षेतील अर्थ मात्र समजावून सांगूनही उमगणार नाही.

नवा अर्थ कोठून आला, याचा माग काढणे फारसे कठीण नाही. मॅथ्यू आर्नल्डने काव्याला जीवनाची समीक्षा मानले आणि त्याचे प्रतिध्वनी आपल्या ‘जीवनभाष्य’ या शब्दात स्थिरावले. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या घोषणा युरोपातून आल्या आणि त्यांच्याभोवती ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांच्या नावांनी ओळखला जाणारा वाद रंगला. लालजी पेंडसे यांनी १९३५ मध्ये ‘साहित्य आणि समाजजीवन’ लिहून या शब्दाला समाजशास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ‘समाज’ हे पद जोडले यात निदान एका सीमेची जाणीव होती. पुढच्या समीक्षेने सीमा सोडली आणि शब्द ठेवला. कलावादी आणि जीवनवादी यांच्या वादाकडे आज पाहिले तर एक गोष्ट खटकते: कला म्हणजे काय यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या, जीवन म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक असल्याचे गृहीत होते. एकाने ज्याचा आग्रह धरला आणि दुसऱ्याने ज्याला बाजूला सारले ती वस्तू एकच होती की नाही, हे कोणी पाहिले नाही.

इंग्रजी समीक्षेतही हा शब्द संदिग्धच आहे, असे कोणी म्हणेल. एफ. आर. लीव्हिस यांनी तर ‘लाइफ’ हे आपल्या मूल्यविचाराचे अंतिम प्रमाण मानले आणि त्याची व्याख्या देण्याचे टाळले. परंतु एक मूलभूत फरक आहे. इंग्रजीतील ‘लाइफ’ हा बाजारातला शब्द आहे. तो दूधवाल्याच्या, खलाशाच्या, मुलाच्या तोंडी आहे. समीक्षक त्याची व्याख्या करीत नसला तरी वाचकाची बोली त्या शब्दाला रोज वजन देत असते. मराठीतील ‘जीवन’ हा व्यासपीठावरचा शब्द आहे. त्याची व्याख्या समीक्षकाने केली नाही तर ती करणारा दुसरा कोणी उरत नाही.

५

शब्द बोलीतला असला म्हणजे सारे आपोआप ठीक होते, असेही मात्र नाही, आणि याचा पुरावा भिवंडीच्याच इतिहासात आहे. अखिल भारतीय प्रगतिशील लेखक संघाची परिषद मे १९४९ मध्ये भिवंडीत भरली. उर्दू साहित्येतिहासात ती ‘भीमडी’ची परिषद म्हणून ओळखली जाते. १९३६ मध्ये लखनौला प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या चळवळीने येथे नवा जाहीरनामा स्वीकारला आणि आपली भूमिका बरीच कडक केली. मराठीत ज्याला ‘जीवनासाठी कला’ म्हणत, त्याला उर्दूत ‘अदब बराए जिंदगी’ म्हणत. ‘जिंदगी’ हा शब्द ‘जीवन’सारखा व्यासपीठावरचा नाही, तो माग चालवणाऱ्याच्या तोंडचा आहे. ही घोषणा ज्या गल्ल्यांच्या शेजारी दिली गेली तिथल्या विणकराला ती समजावून सांगण्याची गरज नव्हती. उर्दू चळवळीची ही जमेची बाजू मराठी समीक्षेने कधी लक्षात घेतली नाही.

पण दुसरी बाजूही आहे. कोणते लेखन जिंदगीच्या बाजूचे आणि कोणते तिच्या विरोधातले, हे ठरवण्याचा अधिकार संघटनेकडे आला, आणि मंटोसारख्या लेखकांना प्रतिगामी ठरवण्याची वृत्ती याच काळात बळावली. फाळणीच्या काळात माणसाचा जीव किती स्वस्त झाला हे ज्याने लिहिले, तो जिंदगीचा लेखक नाही असे म्हणता आले. कारण ‘जिंदगी’चा अर्थ तोवर ‘भविष्याकडे नेणारी सामाजिक शक्ती’ असा झाला होता. शब्द तोच, बोलीतलाच, पण अर्थ एका समितीने बदललेला. व्याख्या न केलेला शब्द ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्या बाजूने झुकतो. मराठीत नवसाहित्यावर ‘जीवनविन्मुख’ हा शिक्का बसला तोही याच न्यायाने. तेव्हा माझा आग्रह बोलीच्या भाबड्या गौरवाचा नाही. शब्द बोलीचा असो वा कोशाचा, तो कोणत्या अर्थाने वापरला हे सांगण्याची जबाबदारी समीक्षकाची आहे, एवढाच आहे.

६

ही जबाबदारी टाळल्याने वाचन कसे बिघडते, याची सर्वांत ठळक उदाहरणे दलित आत्मकथनांच्या समीक्षेत आहेत. बेबी कांबळे यांनी आपल्या पुस्तकाला ‘जिणं आमुचं’ हे नाव दिले, शांताबाई कांबळे यांनी ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’. दोन्ही पुस्तके १९८६ च्या सुमारास वाचकांसमोर आली. दोघींपैकी कोणीही ‘जीवन’ म्हटले नाही, आणि हा योगायोग नाही. ‘जिणं’ या शब्दात जगण्याची गुणवत्ता तोलण्याची एक रीत आहे: हे काय जिणे आहे, असे आपण म्हणतो, हे काय जीवन आहे, असे म्हटले की तक्रार भाषणात शिरते. त्यापुढचे ‘आमुचं’ हे बहुवचन तर आत्मचरित्राच्या युरोपीय संकल्पनेलाच प्रश्न करते, कारण इथे जिणे एकटीचे नाही, वस्तीचे आहे. ‘जल्म’ या शब्दात जातिव्यवस्थेने जन्मावर ठेवलेला दावा आहे आणि तो दावा सांगणाऱ्या बाईने तो शब्द स्वतःच्या ताब्यात घेण्याची कृतीही आहे. धर्मांतराच्या चळवळीनंतर लिहिणाऱ्या लेखिकेच्या तोंडी ‘जल्म’ हा शब्द कर्मसिद्धान्ताची कबुली देत नाही. तो त्या सिद्धान्ताविरुद्ध साक्ष देतो.

या दोन पुस्तकांवर जेव्हा ‘दलित स्त्रीजीवनाचे दर्शन’ या मथळ्याखाली लिहिले जाते, तेव्हा हे सर्व हातातून निसटते. बहुवचन जाते, जन्माचा वाद जातो, तोल जातो. उरते ते दर्शन. लेखिकेने जे नाव दिले ते बाजूला सारून समीक्षकाने आपले नाव त्यावर चिकटवलेले असते, आणि तरीही त्याला आस्वाद म्हटले जाते.

स्त्रियांच्या संदर्भात आणखी एका शब्दाचा उल्लेख केला पाहिजे, तो म्हणजे ‘नांदणे’. सासरी राहणे, तिथे सामावणे, तिथले मान्य करणे आणि शक्य झाल्यास सुखाने असणे, हे सर्व या एका क्रियापदात आहे. इंग्रजीत तिथे ‘लिव्ह’ हेच क्रियापद वापरावे लागते. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला मुंबईत १८८४ मध्ये उभा राहिला आणि १८८८ मध्ये तडजोडीने मिटला. न्यायालयाच्या इंग्रजीत तो वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा होता. मराठी समाजाच्या दृष्टीने प्रश्न एकच होता: रखमाबाईंनी नांदायचे की नाही. जगण्याचा हक्क आणि नांदण्याची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांनी आपल्या नकाराने दाखवून दिले, आणि पुढे वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्या स्वतःच्या मर्जीने जगल्या. एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांचे लेखन ‘स्त्रीजीवन’ या पेटीत घालणाऱ्या समीक्षेला नांदणे आणि जगणे यांतील हे अंतर दिसणे कठीण आहे. पेटीवर नावच चुकीचे आहे.

७

मराठी समीक्षेने जे केले नाही ते करण्याचा प्रसंग एकदा कायद्यावर आला. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदात ‘लाइफ’ हा शब्द आहे. मराठी भाषांतरात त्या जागी ‘जीवित’ आहे. १९८१ मध्ये मुंबईच्या फुटपाथवासीयांना हुसकावण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा ओल्गा टेलिस आणि इतरांच्या याचिकांमधून न्यायालयापुढे प्रश्न आला तो वस्तुतः शब्दार्थाचाच होता. जीवित याचा अर्थ केवळ जीव असणे एवढाच, की जगण्याचे साधनही त्यात येते? १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने उत्तर दिले: उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग आहे. कारण साधन काढून घेतले की जीवितच काढून घेतल्यासारखे होते. अमरकोशाने ‘जीवन’ आणि ‘जीविका’ एका पंक्तीत का ठेवले होते, त्याचे हे जणू विसाव्या शतकातील भाष्य होय. त्याच निकालाने रीतसर प्रक्रियेनंतर फुटपाथ रिकामे करण्यास मुभाही दिली, हे विसरता कामा नये; अर्थ मान्य झाला म्हणून घर वाचले असे नाही. तरीही न्यायालयाने शब्दाला अडवून विचारले, तू कोणत्या अर्थाने आला आहेस. मराठी समीक्षेने हा प्रश्न ‘जीवन’ला नव्वद वर्षांत विचारला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा या भेदाची परीक्षा पुन्हा झाली. ‘जीवनावश्यक’ या शब्दाने वस्तूंची यादी ठरली. किराणा आणि औषधे त्यात आली, माग आले नाहीत. भिवंडीतले माग थांबले आणि मुंबई-नाशिक महामार्गावरून माणसे गावाकडे चालत निघाली. त्यांना जीव वाचवायचा नव्हता असे नाही. पण जगणे थांबल्यावर जीव कशाच्या बळावर राखायचा, हा त्यांचा प्रश्न होता. जीव आणि जगणे यांतला फरक ज्या भाषेत सामान्य माणसाला बोलता येतो, त्या भाषेतील साहित्यसमीक्षेला तो एका शब्दात गुंडाळून ठेवावासा वाटतो, ही गोष्ट लाजिरवाणी आहे.

८

काही आक्षेपांना उत्तर देऊन हा लेख संपवतो.

पहिला आक्षेप असा, की शास्त्राला सामान्य संज्ञा लागते. प्रत्येक वेळी जीव, जगणे, आयुष्य असे फोडून बोलत बसले तर सिद्धान्त मांडणार कसा? सामान्य संज्ञा जरूर असावी. पण ती भेदांच्या अभ्यासानंतर, त्यांना सामावून घेऊन यावी. भेद पाहायच्या आधीच, त्यांच्या जागी नव्हे. ‘फळ’ हा शब्द आंबा आणि बोर यांत फरक करता येणाऱ्याच्या तोंडी शोभतो.

दुसरा आक्षेप: ही शब्दशुद्धीची नवी चळवळ आहे. तसे नाही. ‘जिंदगी’ आणि ‘हयात’ हे फारसी-अरबी वळणाचे शब्द मी ‘जीवन’ या संस्कृत शब्दाच्या बाजूला, किंबहुना काही ठिकाणी वर, ठेवतो आहे. शब्द कोठून आला याच्याशी मला कर्तव्य नाही. तो कोणते काम करतो आणि कोणते काम टाळतो, याच्याशी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. बहुअर्थता हा साहित्याचा प्राण आहे. मग एका बहुअर्थी शब्दावर एवढा रोष का? उत्तर असे, की कवीची बहुअर्थता आणि समीक्षकाची संदिग्धता या एक नव्हेत. कवी दोन अर्थ एकमेकांवर घासतो आणि वाचकाला दोन्ही जाणवतात. समीक्षक ‘जीवनदर्शन’ म्हणतो तेव्हा पाच अर्थ शक्य असतात आणि एकही जाणवत नाही.

माझी मागणी माफक आहे. प्रबंधाच्या शीर्षकात ‘जीवन’ आल्यास संशोधकाने पहिल्या प्रकरणात सांगावे, की त्याला जीव, जगणे, आयुष्य, जन्म, संसार, जीविका यांपैकी काय अभिप्रेत आहे आणि काय नाही. त्याने हेही पाहावे, की अभ्यासलेल्या संहितेत कोणता शब्द येतो, किती वेळा, कोणाच्या तोंडी. संहितेचा शब्द एक आणि समीक्षेचा दुसरा असेल, तर तो बदल का केला याचे कारण द्यावे. एवढे केल्यावरही ‘जीवन’ टिकले, तर ते कमावून टिकले असे म्हणता येईल.

त्या विद्यार्थिनीचा लघुप्रबंध आजही विभागाच्या कपाटात आहे. भिवंडीतले अनेक माग मधल्या काळात भंगारात गेले, शहराभोवती गोदामे वाढली, आणि तिने ज्यांच्याशी बोलून वह्या भरल्या त्यांतील कित्येक जण गावी परतले. मुखपृष्ठावर ‘जीवनदर्शन’ आहे. आतल्या पानांत, परिशिष्टात, बारीक टंकात, ‘जलम’ आहे. पुढे कोणी संशोधक ते कपाट उघडेल तेव्हा त्याने वाचायला मागून सुरुवात करावी, एवढीच अपेक्षा.